रहाडीचा केशरी: अंतिम वर्षाच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

उपयोजित कलेच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मी मुलांचे चित्रपुस्तक हा प्रकार निवडला आहे आणि त्याचा विषय नाशिकची रहाड हा आहे. मार्गदर्शक मॅडमांनी विषय मान्य केला, पण एक अट घातली. प्रकल्प परीक्षकांसाठी करायचा नाही, तर निकालानंतर ज्या संपादकाकडे मी काम मागायला जाणार आहे, त्याच्यासाठी करायचा. म्हणून चित्रांबरोबरच त्यांच्यामागचे निर्णय, लागलेले तास, झालेला खर्च आणि चुका यांचीही तारीखवार नोंद ठेवायची. ही वही त्या अटीमुळे सुरू होत आहे.

नाशिकबाहेरच्या वाचकाला रहाड म्हणजे काय हे सांगावे लागेल, आणि पुस्तकातही ते सांगावेच लागणार आहे, म्हणून येथेच लिहून पाहते. जुन्या नाशकात आणि पंचवटीत पेशवेकाळापासूनचे काही दगडी हौद रस्त्याखाली आहेत. वर्षभर ते जाड लाकडांनी आणि वर मातीने झाकलेले असतात. त्यांच्यावरून रिक्षा, भाजीच्या हातगाड्या आणि शाळेला निघालेली मुले जात असतात. रंगपंचमी जवळ आली की रहाड उघडतात, साफ करतात, पूजा करतात आणि मोठ्या कढयांमध्ये फुले उकळून काढलेला रंग तीत ओततात. शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा या परिसरांतल्या रहाडी सर्वांना माहीत आहेत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, आणि तीत घेतलेल्या उडीला धप्पा म्हणतात. आमच्याकडे धुळवडीचा दिवस वीरांच्या मिरवणुकीचा असतो आणि रंग खेळले जातात ते रंगपंचमीला, हे पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना दरवर्षी नव्याने समजावून द्यावे लागते.

१८ जानेवारी, शनिवार

गेल्या तीन वर्षांतले सगळे काम आज घराच्या हॉलमध्ये जमिनीवर मांडले. एकूण ६१ चित्रे भरली. नाशिकच्या कोणत्याही कलाविद्यार्थ्याप्रमाणे माझ्याकडेही रामकुंड, नारोशंकराचे देऊळ, सराफ बाजारातले वाडे आणि पाण्यात पडलेली पायऱ्यांची प्रतिबिंबे यांचा मोठा साठा आहे. या शहरात शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी जलरंगातील निसर्गचित्रणाची अशी वाट घालून दिली आहे की, घाटावर बसून चित्र काढल्याशिवाय येथे कोणाचे शिक्षण पुरे झाल्यासारखे वाटत नाही. त्या सरावाचे ऋण मी नाकारत नाही. मात्र आज संपादकाच्या नजरेने पाहिल्यावर लक्षात आले की, ६१ चित्रांमध्ये एकही माणूस दुसऱ्यांदा आलेला नाही. ज्याला ३२ पानांचे पुस्तक करून घ्यायचे आहे, त्याला एक सुंदर घाट पाहून काहीच कळत नाही. तीच मुलगी रडताना, धावताना, पाठमोरी आणि आजीच्या कडेवर असताना तीच राहते का, एवढेच त्याला पाहायचे असते.

नऊ चित्रे ठेवली आणि बाकीची फाइलमध्ये बांधली. आई म्हणाली, “अगं, चांगली चांगलीच काढून टाकलीस की!” तिचे म्हणणे खरे होते, म्हणूनच त्या फाइलची गाठ बांधायला तासभर लागला.

२ फेब्रुवारी, रविवार

पुस्तकाची डमी, म्हणजे पानांचा शिवलेला कच्चा नमुना, तयार केली. मुलांची बरीच चित्रपुस्तके ३२ पानांची का असतात, हे आतापर्यंत मी परंपरा म्हणून मानत होते. त्याचे कारण छपाईच्या कागदात आहे. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंवर मिळून १६ पाने छापून, घड्या घालून जो गठ्ठा होतो तो एक फर्मा, आणि दोन फर्म्यांची ३२ पाने होतात. चौतिसावे पान हवेसे वाटले, तर ते फुकट मिळत नाही. शीर्षकाचे पान, श्रेयाचे पान आणि शेवटचे पान वजा करता गोष्टीसाठी माझ्या हातात समोरासमोरच्या पानांच्या चौदा जोड्या उरतात.

कच्च्या आखणीत दोन चुका सापडल्या. धप्प्याच्या मुख्य चित्रात मी मुलीचा चेहरा बरोबर मधोमध काढला होता, आणि डमी शिवल्यावर तिचे नाक पानांच्या घडीत गेले. दुसरी चूक मजकुराची जागा न सोडण्याची होती. मराठी मजकुराला वर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार, तर खाली उकार असतात, त्यामुळे ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा अधिक सोडावे लागते; इंग्रजी पुस्तके समोर ठेवून जागा आखली, तर चौथी ओळ चित्रातल्या म्हशीच्या पाठीवर चढते. सर्व जोड्या पुन्हा आखल्या. लागलेले तास: १७.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

सकाळपासून जुन्या नाशकात होते. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला हात जाईल एवढे भोक पाडून चित्रे काढली, आणि तरीही दोन पाने गेली. एकूण ४० द्रुत रेखाटने हाती लागली.

घरी बसून मनाने रचलेल्या चित्रांत जे नव्हते ते असे. रहाडीच्या काठावरचा माणूस उडीपूर्वी पायातल्या चपलांचे काय करायचे याचा विचार करत उभा असतो. वर आलेल्या माणसाचे डोळे मिटलेले आणि तोंड उघडे असते, आणि पहिला श्वास घेईपर्यंत त्याचे वय कळत नाही. रंग अंगावरून ओघळतो तेव्हा कपाळावर फिका, भुवयांमध्ये गडद आणि कानाच्या पाळीवर थेंब होऊन थांबलेला असतो. हा तिसरा तपशील मी एका आजोबांच्या कानावरून घेतला, ते मला म्हणाले, “पोरी, चित्रं नंतर काढ, आधी एक धप्पा तरी मार.” वही सांभाळायची असल्याने मी मारला नाही, आणि संध्याकाळपर्यंत त्याची चुटपुट लागून राहिली.

मी निवडलेल्या रहाडीचा रंग केशरी आहे. उन्हात तो तांब्याच्या घासलेल्या हंड्यासारखा दिसतो आणि सावलीत लाल मातीच्या जवळ जातो.

२९ मार्च, शनिवार

धप्प्याचे चित्र ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, कागदावर जलरंगात पूर्ण केले. छापायच्या आकारापेक्षा ते सव्वापट मोठे आहे, कारण लहान करताना रेषा आवळून येते. स्कॅन केले, संगणकावर पाहिले आणि समाधानाने झोपले.

५ एप्रिल, शनिवार

ते समाधान छापखान्यात संपले. रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात मॅपलिथो या बिनचकाकीच्या कागदावर प्रूफ, म्हणजे छपाईचा चाचणी नमुना, काढले, तर केशरीच्या जागी जुन्या विटेचा रंग आला. मी यंत्राला दोष देऊ लागले. छापखान्याच्या काकांनी फाइल उघडून रंगांचे आकडे दाखवले: मॅजेंटा (गडद गुलाबी) ५८, पिवळा ९२ आणि सायन (आकाशी निळा) १४ टक्के.

कारण समजून घेतले ते असे. पडद्यावरचा केशरी प्रकाशाने बनतो आणि छपाईतला केशरी पिवळ्या व मॅजेंटा शाईने. पडद्यावरच्या काही झळाळत्या छटा छपाईच्या चार शायांत (सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी) मुळात बसतच नाहीत. हा तोटा सर्वांनाच सोसावा लागतो. पण विटेचा रंग येण्याचा दोष माझ्याकडे होता. सावली दाखवण्यासाठी मी केशरीत निळ्याचा हलका हात दिला होता. निळा केशरीच्या विरोधातला रंग असल्याने मूळ कागदावर तो खोली देत होता. रंगांची विभागणी झाल्यावर मात्र त्याचा सायन झाला आणि त्याने केशरीला मळवले. त्यातच मॅपलिथोवर चकचकीत थर नसल्यामुळे कागद शाई पितो, ठिपका पसरतो आणि प्रत्येक छटा आखल्यापेक्षा एक पायरी गडद उतरते. आर्ट पेपरवर हे कमी होते. पण मुलांच्या हातात चमकणारा कागद मला नको आहे.

संध्याकाळी माझ्या आजोबांना प्रूफ दाखवले. त्यांची नोकरी नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये झाली. टपाल तिकिटांच्या छपाईत आयुष्य गेलेल्या माणसाला चित्र दाखवले की तो आधी चित्र पाहत नाही. त्यांनी भिंग काढले, कोपऱ्यातली काळी बाह्यरेषा पाहिली आणि म्हणाले, “रजिस्ट्रेशन हललंय. मुलगी छान आहे, पण तिला दोन हनुवट्या आहेत.” म्हणजे रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसले नव्हते; भिंगातून पाहिल्यावर मलाही त्या हनुवट्या दिसल्या.

१२ एप्रिल, शनिवार

प्रत्येक चाचणीसाठी वेगळे प्रूफ काढणे परवडणारे नाही, आणि डिजिटल प्रूफ ऑफसेटच्या, म्हणजे प्रत्येक रंगाच्या वेगळ्या प्लेटेवरून होणाऱ्या, छपाईशी तंतोतंत जुळतही नाही. काकांनी यावर तोडगा काढला. दुसऱ्याच्या कामाच्या मोठ्या कागदाला कडेची जी पट्टी सोडलेली असते आणि जी शेवटी कापून टाकली जाते, तिच्यात माझे रंगांचे चौकोन बसवायचे. एका लग्नपत्रिकेच्या कडेला आज माझे बारा केशरी छापले गेले. सहावा चौकोन, म्हणजे मॅजेंटा ५२, पिवळा १००, सायन शून्य, हाच रहाडीचा. सावलीसाठी सायनऐवजी मॅजेंटाच वाढवायचा, म्हणजे रंग लालसर होतो पण मळत नाही, हेही त्या पट्टीवरून ठरले.

या उद्योगात एक नवीनच घोळ सापडला. शीर्षकाचे अक्षरांकन मी केशरी पार्श्वभूमीवर पांढऱ्यात ठेवले होते. पांढरे अक्षर म्हणजे शाई न पडलेली जागा. दोन रंगांच्या प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी ती जागा बुजते, आणि देवनागरीत सर्वांत आधी बुजतो तो अनुस्वार. पट्टीवर ‘रंग’ हा शब्द ‘रग’ असा छापून आला. अनुस्वाराचा ठिपका दीडपट मोठा केला, शिरोरेषा जाड केली, आणि आतला मजकूर केवळ काळ्या शाईत, चार रंगांच्या मिश्रणाने नव्हे, असा ठेवला. सुलेखनाच्या तासाला आम्ही अक्षराचे सौष्ठव शिकलो. शाई त्या सौष्ठवाचा किती भाग खाते, हे मात्र छापखान्यातच कळते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण आणि शिळाछपाई करत होते, हे शाळेत वाचले होते. त्या वाक्याकडे आता मी निराळ्या आदराने पाहते.

२६ एप्रिल, शनिवार

आजची नोंद प्रकल्पाबाहेरची वाटेल. पण व्यवसायाच्या तयारीत तिला सर्वांत जास्त जागा द्यावी लागेल.

गेल्या वर्षी एका खाद्यपदार्थाच्या उद्योगासाठी मी खोक्यावरचे चित्र केले होते: द्राक्षाची वेल, टोपली आणि टोपलीमागे बसलेली बाई. बोलणी फोनवर झाली, मानधन १,५०० रुपये ठरले आणि ते वेळेवर मिळाले. आज तेच चित्र मी त्यांच्या कापडी पिशवीवर, दुकानाच्या फलकावर आणि टेम्पोच्या मागच्या दारावर पाहिले. टेम्पोवर ते उलटे फिरवलेले होते, त्यामुळे बाई डावखुरी झाली होती, आणि माझी सही कापलेली होती. फोन केला तर उत्तर आले, “ताई, पैसे दिलेत ना तुम्हाला?”

घरी येऊन १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली संबंधित कलमे शांतपणे वाचली. माझी समजूत अशी होती की चित्र माझे, म्हणजे हक्कही माझाच. सर्वसाधारण नियम तसा आहेही. पण कलम १७ मध्ये असे अपवाद आहेत की, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या रंगचित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा ठरतो. आणि नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाच्या बाबतीत, तसाच करार नसेल तर, मालक. म्हणजे ज्या करारावाचून मी “विश्वासावर” काम केले, त्या कराराचा अभाव माझ्याच विरुद्ध जाऊ शकतो. उलट, कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कलम ५७ मात्र हक्क विकल्यानंतरही चित्रकाराचे कर्तेपण आणि आपली नामुष्की होईल अशा कामाच्या मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडे ठेवते. डावखुऱ्या बाईने नामुष्की होते का, हे मी ठरवू शकत नाही. सही कापल्याचा राग मात्र आज दिवसभर गेला नाही.

त्या कामाचे तासही मोजले. बदलांच्या फेऱ्या धरून १९ तास लागले होते. म्हणजे तासाला ऐंशी रुपयेसुद्धा पडले नाहीत.

१४ मे, बुधवार

कामाच्या पत्राचा एक पानी मसुदा मराठीत तयार केला. मॅडमांनी त्यातला “कृपया” हा शब्द सात ठिकाणी खोडला. पत्रात काम कोणते, आकार किती, चित्रे किती, कोणत्या वापरासाठी आणि किती वर्षांसाठी, बदलांच्या फेऱ्या किती (कच्च्या आखणीवर दोन, रंगीत कामावर एक), त्यापुढच्या फेरीला किती, आगाऊ रक्कम किती, काम मधेच थांबले तर किती, आणि नाव कोठे छापायचे, एवढेच आहे. मूळ चित्र माझ्याकडे राहील, हे वाक्य वेगळे लिहिले, कारण छापण्याचा हक्क आणि भिंतीवर लावायचा कागद या दोन गोष्टी आहेत, हे ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही.

कराचे प्रकरण वाटले तितके भीतिदायक निघाले नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्यावर सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी साधारणपणे लागत नाही, आणि तेथपर्यंत पोहोचण्याची काळजी तूर्त करायची नाही, असे घरात एकमताने ठरले. एखाद्या कंपनीकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक व्यावसायिक मानधन मिळाले, तर १० टक्के टीडीएस कापला जातो. ही मर्यादा याच एप्रिलपासून ३०,००० वरून वाढली आहे. पॅन, बँकेचा तपशील आणि क्रमांक घातलेले बिल, एवढ्यावर सुरुवात करता येते.

३० मे, शुक्रवार

प्रकल्प सादर झाला. परीक्षकांनी जलरंगाचे कौतुक केले आणि छपाईच्या पट्टीविषयी काही विचारले नाही.

११ जून, बुधवार

पुण्यातल्या एका प्रकाशनात बारा चित्रांचा संग्रह आणि डमी घेऊन गेले. नऊ जुन्या चित्रांतली आणखी सहा मी आधीच काढली होती. उरलेली तीन आणि रहाडीची नऊ. संपादक बाईंनी संग्रह चार मिनिटांत पाहिला आणि डमी मात्र पंचवीस मिनिटे पाहिली. पान ११ वर मुलीची वेणी डाव्या खांद्यावर आणि पान १२ वर उजव्या खांद्यावर आहे, हे मला, मॅडमांना आणि परीक्षकांना दिसले नव्हते, त्यांना दिसले. त्यांनी कच्च्या आखण्या मागितल्या, आणि मी त्या नेल्या नव्हत्या. पक्के चित्र कोणीही शेवटी चांगले करते, पण सांगितलेला बदल चित्रकार कसा ऐकतो ते कच्च्या कामात दिसते, असे त्यांचे म्हणणे पडले. यंदाची त्यांची पुस्तके ठरलेली आहेत. जानेवारीत पुन्हा या, म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये सिन्नर येईपर्यंत मी वेणीचाच विचार करत होते.

२८ जून, शनिवार

एका दिवाळी अंकाच्या संपादकांचे पत्र आले. १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून मराठी चित्रकाराच्या उमेदवारीचे हे एक ठरलेले ठिकाण आहे, दीनानाथ दलालांसारख्यांची मुखपृष्ठे पाहण्यासाठी लोक अंक घेत. मला मुखपृष्ठ मिळालेले नाही. एका दीर्घकथेसाठी आतली चार रेखाटने हवी आहेत. मी एक पानी पत्र पाठवले. त्यांनी “मूळ चित्र माझ्याकडे राहील” हे वाक्य तसेच ठेवले, बदलांच्या फेऱ्या मान्य केल्या, आगाऊ रकमेपुढे काट मारली आणि सही केली. मी त्या काटेवर फोन केला. तीस टक्क्यांवर तडजोड झाली. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते.

२ जुलै, बुधवार

कथा हाती आली. तिच्यात योगायोगाने होळीचा प्रसंग आहे. संपादकांची सूचनाही आली: मुखपृष्ठ वगळता अंक एकरंगी आहे, कागद मॅपलिथो, केवळ काळी शाई, राखाडी छटा वापरल्यास अगदी मोजक्या.

मॅजेंटा ५२, पिवळा १०० हे सूत्र भिंतीवरून काढून वहीत चिकटवले. संध्याकाळी काकांकडे जाऊन पुन्हा कडेची पट्टी मागितली. या खेपेला काळ्याच्या दहा, वीस, तीस आणि चाळीस टक्क्यांचे चौकोन दिले आहेत, आणि शेजारी कोरड्या ब्रशने ओढलेल्या रेषांचे दोन नमुने. रंग न वापरता भिजलेला माणूस भिजलेला दिसला पाहिजे. कानाच्या पाळीवर थांबलेला थेंब पांढरा सोडून पाहिला. तो दिसतो, पण दहा टक्क्यांच्या छटेवर हरवतो. वीसवर ठेवून उद्या पुन्हा पाहायचे आहे.